निद्रासंधि व चार देहांचें कोष्टक

जुनीं बाडें चाळणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं एक कोष्टक केव्हां ना केव्हां येतेंच. आरत्या, एखादें करुणाष्टक, विंचवाचा मंत्र, खोकल्याचें औषध, कोणा कुळाकडील येणें, आणि त्यांच्यामध्येंच कोठें तरी काळ्या-तांबड्या शाईनें आंखलेलीं चार घरें. पहिल्या घरांत स्थूल देह, जागृति अवस्था, विश्व अभिमानी, नेत्र स्थान, अकार मात्रा; दुसऱ्यांत सूक्ष्म देह, स्वप्न अवस्था, तैजस अभिमानी, कंठ स्थान, उकार मात्रा; तिसऱ्यांत कारण देह, सुषुप्ति, प्राज्ञ, हृदय, मकार; चवथ्यांत महाकारण देह, तुर्या, प्रत्यगात्मा, मूर्ध्नि, अर्धमात्रा. कित्येक ठिकाणीं याखालीं आणखी एक ओळ असते, ती रंगांची: रक्त, श्वेत, श्याम, नील. यादी करणारा हें पान पाहतो, ‘पंचीकरण, अपूर्ण’ असा शेरा मारतो आणि पुढें जातो. आम्हीही आजवर असेच पुढें जात आलों.

आतां मात्र आमची समजूत निराळी झाली आहे. झोंप लागतांना डोळ्यांपुढें येणाऱ्या चित्रांकडे लक्ष ठेवून, जाणतेपण न सोडतां स्वप्नांत शिरण्याचा एक अभ्यास आपल्या देशांत फार जुना आहे. त्या अभ्यासाची कृति गेली आणि नामावळी तेवढी या कोष्टकांत राहिली असावी, असें आम्हांस वाटतें. हें मत कोणत्या आधारावर उभें आहे आणि कोठें लंगडें आहे, दोन्ही गोष्टी येथें सांगतों.

प्रसंग असा घडला. गेल्या पावसाळ्यांत भिवंडीस कल्याण रस्त्यावरील धामणकर नाक्याजवळ एका स्नेह्यांच्या घरीं आमचा चार रात्रींचा मुक्काम पडला. त्यांच्या वडिलार्जित बाडांची यादी करून द्यावयाची होती. बाडें सामान्यच होतीं. त्यांतही हें कोष्टक होतेंच. दिवसभर मोडी वाचून रात्रीं अंग टाकावें तों भोवतालच्या यंत्रमागांचा खडखडाट कानांत शिरे आणि झोंप लांबे. डोळे मिटले कीं पापण्यांआड मोडी अक्षरें धावूं लागत. ओळ नव्हे, शब्द नव्हे, नुसतीं वळणें, एकांतून एक निघणारीं. एके रात्रीं हें शेजारीं राहणाऱ्या, जन्मभर माग चालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांजवळ सहज बोललों. त्यांस कांहींच नवल वाटलें नाहीं. “तुम्हांला अक्षरें दिसतात, आम्हांला धोटा दिसतो,” ते म्हणाले, “आणि धागा तुटलेला दिसला म्हणजे हात आपोआप उठतो.”

त्या उठणाऱ्या हातानें आम्हांस विचारांत पाडलें. ज्या चित्राकडे पाहून हात उठतो तें नुसतें चित्र राहिलेलें नसतें; मनुष्य त्यांत शिरलेला असतो, मात्र आपण शिरलों हें त्यास ठाऊक नसतें. तें ठाऊक ठेवून शिरतां येतें काय? आणि आपल्याकडे कोणीं तसें शिरून पाहिल्याचा लेख आहे काय?

झोंप एकदम लागत नाहीं, हें सर्वांस माहीत आहे. पेंग, डुलकी, गुंगी, झांपड, तंद्रा, ग्लानि, इतके शब्द मराठीनें या उंबरठ्यासाठींच राखून ठेवले आहेत. त्या उंबरठ्यावर प्रथम रंगाचे ढग किंवा ठिपके दिसतात, मग जाळ्या व वेलबुट्टीसारख्या आकृति, मग तोंडवळे, भिंती, वाटा. हीं चित्रें मोठीं लाजाळू असतात. त्यांवर नजर रोखली कीं विरतात. त्यांच्यामागें वाहवत गेलें कीं झोंप लागते आणि जाणतेपण संपतें. अभ्यास काय तो या दोहोंच्या मध्यें राहण्याचा आहे: चित्र बोलवावयाचें नाहीं, घालवावयाचेंही नाहीं, नुसतें पाहत राहावयाचें. पाहतां पाहतां तुकडे जुळून एक स्थळ उभें राहतें, त्यास खोली येते, आणि पाहणारा त्याच्या समोर नसून आंत असतो. अंगाचें भान सुटलेलें असतें. परंतु ‘हें स्वप्न आहे’ ही जाणीव सुटलेली नसते.

रात्रीच्या पहिल्या प्रहरीं हें साधणें कठीण, कारण तेव्हां चित्रांच्या मागोमाग गाढ निद्रा येते. पहाटे एकदां उठून पुन्हां अंग टाकलें तर तें अधिक सुलभ होतें. रात्रीच्या उत्तरार्धांत स्वप्नयुक्त निद्रेचे टप्पे लांबत जातात आणि जागेपणांतून स्वप्नाकडे जाणारी वाट आंखूड होते, असें आजचें निद्राशास्त्र सांगतें. आपण जिला साखरझोंप म्हणतों ती हीच.

युरोपांत या विषयाचा लेखी इतिहास बराच अलीकडचा आहे. झोंपेच्या उंबरठ्यावरील चित्रांना स्वतंत्र पारिभाषिक नांव दिलें तें आल्फ्रेड मोरी या फ्रेंच पंडितानें, इ. स. १८४८ मध्यें. एर्वे द सँ-दनी यानें स्वप्नें व तीं वळविण्याचे उपाय यांवर १८६७ सालीं ग्रंथ छापला. तो कुमारवयापासून आपल्या स्वप्नांची वही ठेवीत असे. ‘जाणतें स्वप्न’ या अर्थाचा आज रूढ असलेला इंग्रजी शब्द डच वैद्य व साहित्यिक फ्रेडरिक व्हान ईडन याच्या १९१३ च्या निबंधामुळें पसरला. तथापि निद्रा चालू असतां मनुष्य जाणता असूं शकतो, हें पुष्कळ शास्त्रज्ञ मानीत नसत. एप्रिल १९७५ मध्यें इंग्लंडांतील हल येथें कीथ हर्न यांनीं तें यंत्रावर दाखविलें: झोंपलेल्या मनुष्यानें आधीं ठरल्याप्रमाणें डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नांतून खूण केली. पुढें स्टॅनफर्ड येथें स्टीफन लाबर्ज यांनीं स्वतंत्रपणें तेंच सिद्ध केलें, आणि स्वप्न चालू असतां मध्येंच जाग येणें व जागेपणींच स्वप्नांत उतरणें असे दोन मार्ग वेगळे केले. आपला विषय या दुसऱ्या मार्गाचा आहे. प्रयोगशाळेंत नोंदलेल्या अशा स्वप्नांत त्याचीं उदाहरणें थोडीं.

आतां आपल्या घरचे कागद. स्वप्नाविषयीं आपल्याकडे लिखाणाची वाण नाहीं; मात्र तें बहुतेक दोन जातींचें आहे. पहिली जात फलाची. ‘स्वप्नाध्याय’ या नांवाच्या पोथ्या इतक्या आढळतात कीं त्यांची गणती करण्याचा कोणास उत्साह उरत नाहीं. हत्ती दिसला तर काय, तेल लावलेलें दिसलें तर काय, दांत पडले तर काय. जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणि’ हा या जातीचा अधिक नेटका ग्रंथ. तो युलिउस फॉन नेगेलाइन या जर्मन पंडितानें १९१२ सालीं संपादून छापला. या पोथ्यांत कोणत्या प्रहरीं पडलेल्या स्वप्नाचें फळ किती काळानें मिळतें तें सांगितलेलें असतें. पहिल्या प्रहराचें वर्षानें, आणि रात्र सरत जाईल तसतसें लवकर. मधले आंकडे प्रतींप्रतींत बदलतात, परंतु पहाटेचें स्वप्न तत्काळ फळतें याविषयीं एकवाक्यता दिसते. फळाची गोष्ट सोडून द्यावी. पहाटेचीं स्वप्नें निराळ्या जातीचीं, अधिक स्पष्ट व लक्षांत राहणारीं असतात, हें निरीक्षण मात्र त्याखालीं बिनचूक आहे.

दुसरी जात दृष्टांताची. स्वप्नांत देव किंवा गुरु येतो, आज्ञा करतो, जातो. भिवंडी तालुक्यांतच याचें प्रसिद्ध उदाहरण आहे: वसईच्या मोहिमेंत चिमाजी अप्पांच्या स्वप्नांत वज्रेश्वरी येऊन तिनें किल्ला घेण्याची युक्ति सांगितली, अशी लोककथा चालत आली आहे. मे १७३९ मध्यें वसई पडली आणि पुढें देवीचें तटबंदीचें देऊळ उभें राहिलें, हा इतिहास. स्वप्न हें लोकमुखाचें.

याहून वरच्या पायरीचीं उदाहरणें संतांचीं आहेत, कारण तीं स्वतः स्वप्न पाहणाऱ्यानें सांगितलेलीं आहेत. तुकोबांस बाबाजी चैतन्यांनीं माघ शुद्ध दशमीस, गुरुवारीं, स्वप्नांत अनुग्रह दिला. त्याच्या सालाविषयीं आमच्या वडील संशोधकांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. तो वाद येथें उकरीत नाहीं. आमचें लक्ष एका लहानशा तपशिलाकडे आहे. गुरूंनीं भोजनास पावशेर तूप मागितलें आणि स्वप्नांत त्याचा विसर पडला, असें तुकोबा सांगतात. वेदान्ती टीकाकारांनीं या पावशेर तुपाचे नानाविध अर्थ लाविले आहेत; पण झोंपेंत मनुष्य जसा विसरतो तसाच हा विसर आहे, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. दुसऱ्या एका अभंगांत नामदेवांनीं पांडुरंगास बरोबर आणून आपणांस स्वप्नामध्येंच जागें केलें, असे त्यांचे शब्द आहेत. स्वप्नांत जागें होणें! आमच्या विषयाला याहून सोयीचा आधार कोणता? तरीही तो आम्ही घेत नाहीं. तेथें जागें करणें म्हणजे कवित्वाच्या कामाला लावणें, हा अर्थ संदर्भानें उघड आहे. त्यावरून जाणत्या स्वप्नाचा अभ्यास काढणें म्हणजे कागदावर नसलेली अक्षरें वाचणें होय.

बहिणाबाईंचें आत्मनिवेदन याहून बारीक आहे. कोल्हापुरास असतां वासरूं मेल्याच्या दुःखानें आलेली मूर्च्छा, तुकोबांच्या पदांचा लागलेला ध्यास, त्या ध्यासांत गेलेले दिवस, आणि मग स्वप्नांत तुकोबांनीं मस्तकीं हात ठेवून मंत्र सांगितला व ‘मंत्रगीता’ हातीं दिली तो प्रसंग, हा सर्व क्रम त्या सांगतात. तिथि परंपरेनें शके १५६९, कार्तिक वद्य पंचमी, रविवार अशी धरली जाते. आम्हीं गणित करून पाहिलें. १७ नोव्हेंबर १६४७, नव्या कालगणनेनें, आणि वार रविवारच येतो. ज्या बाईनें स्वप्नाचा वार चुकविला नाहीं तिच्या वर्णनाकडे आदरानें पाहिलें पाहिजे. परंतु तिचेंही स्वप्न आलेलें आहे, ती त्यांत उतरलेली नाहीं. समर्थांनीं दासबोधांत अठराव्या दशकांत ‘निद्रानिरूपण’ म्हणून एक समासच घातला. त्यांतील आळस, जांभया, घोरणें यांचें चित्र गमतीचें आहे, पण ती बहुतांशीं बाहेरून पाहिलेली निद्रा.

एकूण मराठी वाङ्मयांत स्वप्नाचें फळ आहे, स्वप्नाची आज्ञा आहे. स्वप्नाचें दार कोठें आहे? त्या दाराची खूण सांपडते ती थोडी दूर, काश्मीरांत. पण त्या पोथ्यांची वाट पुण्यावरून जाते. डॉ. ब्यूलर यांनीं १८७५ सालीं मुंबई सरकारच्या वतीनें काश्मीरचा दौरा करून शैवांच्या पुष्कळ पोथ्या मिळविल्या, आणि तो सरकारी संग्रह पुढें पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. काश्मिरी शैवांच्या ‘विज्ञानभैरव’ या लहानशा ग्रंथांत शंभरांवर धारणा आहेत. त्यांपैकीं एक थेट आमच्या विषयाची आहे: बाहेरचे विषय लोपले आहेत आणि झोंप अद्याप आलेली नाहीं, त्या मधल्या स्थितीवर मन ठेवावें. इतका स्वच्छ आदेश दुसरीकडे आमच्या पाहण्यांत नाहीं.

त्याच ग्रंथांतील दुसऱ्या एका धारणेचा पाठभेद पोथी जमविणाऱ्यांनीं मुद्दाम पाहावा. प्राणशक्तीचें द्वादशान्तीं ध्यान करून ती हृदयांत शिरल्याचें ध्यान करणाऱ्यास काय मिळतें? काश्मीर संस्थानच्या संशोधन खात्यानें १९१८ सालीं छापलेल्या प्रतींत या ठिकाणीं ‘मुक्त’ हा शब्द आहे. अर्थ होतो, तो मुक्त होऊन स्वातंत्र्य पावतो. परंतु अकराव्या शतकांतील क्षेमराज आपल्या ‘स्पंदनिर्णयांत’ हाच श्लोक घेतो तेथें ‘स्वप्न’ शब्द आहे. अर्थ होतो, त्याला स्वप्नावर स्वातंत्र्य येतें. क्षेमराज हा श्लोक ज्या स्थळीं घेतो तेथें प्रकरणही स्वप्नाचेंच चाललें आहे. आमच्या मतें जुना पाठ क्षेमराजाचा. मोक्षशास्त्राच्या ग्रंथांत ‘मुक्त’ हा शब्द लेखकाच्या बोटांवर सहज येतो. ‘स्वप्नावर स्वातंत्र्य’ ही कल्पना ज्याला ठाऊक नाहीं त्याला तेथें चूक झालीसें वाटतें आणि तो ती सुधारतो. ‘मुक्त’ असतां कोणी मुद्दाम ‘स्वप्न’ लिहील, हें त्या मानानें असंभवनीय. एका शब्दांत एक विद्या कशी बुजते याचें हें उदाहरण होय.

आतां आपल्या कोष्टकाकडे परत येऊं. त्यांतील स्थानें मराठी लेखकांनीं कल्पिलेलीं नाहींत. नेत्रीं जागृति, कंठीं स्वप्न, हृदयीं सुषुप्ति, मूर्ध्नीं तुर्या हा क्रम ब्रह्मोपनिषदांत आहे. त्याहून जुन्या बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य जनकास सांगतो कीं स्वप्न हें इहलोक व परलोक यांमधलें तिसरें, ‘संध्य’ स्थान. तेथें उभा राहून पुरुष दोन्हीकडे पाहतो. आम्हीं या लेखास दिलेलें नांव त्या शब्दावरूनच सुचलें. प्रश्न असा कीं स्वप्नास कंठ कां? डोळ्यांत जागृति कां, हें पोरही सांगेल. कंठांत स्वप्न कां, याचें उत्तर आमच्या पंचीकरणाच्या पोथ्यांत नाहीं. स्थान सांगून त्या मोकळ्या होतात.

उत्तराचा माग तिबेटांत लागतो. नारोपा हा अकराव्या शतकांतील भारतीय सिद्ध. त्याच्या नांवानें चालणारे सहा योग तिबेटी लोकांनीं जपून ठेवले. त्यांपैकीं एक स्वप्नाचा. इव्हान्स-वेन्ट्झ यांनीं १९३५ सालीं त्या ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर छापल्यापासून ही गोष्ट सर्वांस खुली आहे. त्यांत साधकानें झोंपण्यापूर्वीं कंठस्थानीं अक्षराचें ध्यान धरून, तें न सोडतां निद्रेंत जावयाचें असतें. कंठ हें तेथें कोष्टकांतील घर नव्हे. झोंप येत असतां लक्ष ठेवण्याची जागा आहे. तिबेटी ग्रंथ व मराठी बाड यांचा प्रत्यक्ष संबंध होता असें आमचें म्हणणें नाहीं. दोहोंच्या मागें एकच भारतीय योगपरंपरा आहे. एकीकडे कृतीसह स्थान टिकलें, दुसरीकडे कृति गुरुमुखावर सोंपविल्यामुळें स्थान तेवढें कागदावर उरलें, असा आमचा तर्क आहे. तो तर्क आहे हें आम्ही विसरत नाहीं.

राहिले रंग. ज्ञानेश्वरांच्या नांवावर चालणाऱ्या कांहीं योगपर अभंगांत त्रिकूट, श्रीहाट, गोल्हाट, औटपीठ या स्थानांशीं रक्त, श्वेत, श्याम, नील हे वर्ण जोडलेले दिसतात. ते अभंग ज्ञानेश्वरीकारांचेच किंवा कसे, हा वेगळा प्रश्न. प्रा. रा. द. रानडे यांनीं १९३३ सालच्या आपल्या महाराष्ट्रांतील संतांविषयींच्या इंग्रजी ग्रंथांत प्रकाश व नाद यांच्या अशा अनुभवांकडे अभ्यासकांचें लक्ष प्रथम पद्धतशीर वेधलें. परंतु हे रंग कोणी क्रमानें, दिवसामागून दिवस पाहिले आणि गद्यांत लिहून ठेवले, असा लेख पाहूं गेलें तर पुन्हां भिवंडी तालुक्यांतच यावें लागतें.

धामणकर नाक्याहून गांव ओलांडून वाड्याच्या रस्त्यानें अंबाडीस गेलें आणि तेथून वळलें कीं वज्रेश्वरी व तिच्या पलीकडे तानसेच्या कांठीं गणेशपुरी लागते. उन्हाळ्यांचीं, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांचीं, तीं ठिकाणें जुनींच प्रसिद्ध आहेत. गणेशपुरीस नित्यानंद राहत. ते ८ ऑगस्ट १९६१ रोजीं वारले. त्यांचे शिष्य मुक्तानंद (१९०८ ते १९८२) यांस १५ ऑगस्ट १९४७ रोजीं दीक्षा मिळाली, आणि त्यानंतरचीं वर्षें त्यांनीं येवलें व त्या बाजूच्या खेड्यांत ध्यानांत घालविलीं. त्या काळाचें वर्णन त्यांनीं ‘चित्शक्तिविलास’ या हिंदी पुस्तकांत केलें. तें १९७० सालीं प्रसिद्ध झालें.

त्या पुस्तकांतील उपदेशाचा भाग आम्ही सोडून देतों. नोंदीचा भाग मात्र असाधारण आहे. सुरवातीला प्रलयासारखीं भयंकर दृश्यें, शरीर आपणांस आवरत नाहीं अशी भीति, वेड लागेल काय ही शंका. मग स्थिर होणारा तांबडा प्रकाश, त्यांत दिसणारी लहान श्वेत ज्योति, पुढें काळी, आणि शेवटीं लहानसा निळा बिंदु. रक्त स्थूलाचा, श्वेत सूक्ष्माचा, श्याम कारणाचा, नील महाकारणाचा, असा मेळही ते घालतात. आमच्या बाडांतील चार घरें येथें पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढून एकामागून एक जातात. त्याहून महत्त्वाचें म्हणजे झोंप नव्हे, साधें स्वप्न नव्हे आणि जागृतीही नव्हे अशा एका स्थितीला ते ‘तंद्रालोक’ असें नांव देतात. तींत स्थळें दिसतात, लोक दिसतात, आणि पाहणाऱ्याचें जाणतेपण कायम असतें. पेंगेसाठीं वापरल्या जाणाऱ्या शब्दापुढें ‘लोक’ हें पद लावून त्यांनीं उंबरठ्याला खोली दिली. संध्य स्थानाला इतक्या शतकांनीं असें नांव मिळावें, हें आम्हांस मोठें मार्मिक वाटतें. त्या लोकांत दिसलेलें पुढें खरें ठरतें, असेंही ते सांगतात. त्यावर इतिहासकारानें बोलण्यासारखें कांहीं नाहीं.

परंतु ही साक्ष स्वतंत्र मानावी काय? येथें आमचें मत लंगडतें. मुक्तानंद वेदान्ताचे वाचक, मराठी संतांचे प्रेमी. ज्ञानेश्वरांच्या नांवचे ते रंगाचे अभंग त्यांस ठाऊक होते. जो दिवसभर जें घोळवितो तेंच त्याला पापण्यांआड दिसतें. रॉबर्ट स्टिकगोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पडते तुकडे जुळविण्याचा एक संगणकीय खेळ कांहीं तास खेळलेल्या लोकांना झोंप लागतांना ते तुकडे पडतांना दिसले; ज्यांची स्मृति नष्ट झाली होती अशा रुग्णांपैकींही कांहींना ते दिसले, आणि आपण तो खेळ खेळलों हेंच त्यांना आठवत नव्हतें. मागवाल्यास धोटा, मोडी वाचणाऱ्यास मोडी, मग चार देहांचें चिंतन करणाऱ्यास चार रंग दिसले तर त्यावरून रंग मुळांत अनुभवांतून कोष्टकांत आले कीं कोष्टकांतून अनुभवांत गेले, हें ठरविण्यास साधन नाहीं. गणेशपुरीची नोंद परंपरा जिवंत असल्याचा पुरावा आहे. परंपरेच्या उगमाचा नाहीं.

ही शंका आम्हांस दुसऱ्याच्या पुस्तकावरून सुचली नाहीं. धामणकर नाक्यावरील मुक्कामांत आम्हीं पहाटे उठून, घोटभर पाणी पिऊन, पुन्हां अंग टाकून हा अभ्यास करून पाहिला. दोन दिवस चित्रें विरलीं किंवा झोंपेनें गिळलीं. तिसऱ्या पहाटे अक्षरांची वळणें थांबलीं, त्यांची एक भिंत झाली, भिंतीस फळ्या लागल्या आणि फळ्यांवर रुमाल दिसले. मागांचा आवाज दूर कोठें तरी चालूच होता. आपण निजलेले आहों हें आम्हांस स्वच्छ कळत होतें. एक रुमाल सोडला. आंत जें पत्र होतें तें आम्ही कित्येक वर्षें शोधीत आहों. शिक्का, मोर्तब, सारें कांहीं जागच्या जागीं. पहिली ओळ वाचली, नजर पुढें नेली, आणि खात्री करावी म्हणून पुन्हां पहिल्या ओळीवर आणली तों तेथें दुसराच मजकूर होता. तिसऱ्यांदां पाहिला तो तिसरा. स्वप्नांतील लिखाण असें दर नजरेस बदलतें, हें जाणत्या स्वप्नांच्या अभ्यासकांनीं नोंदलेलें आहे. पण पाठभेदांनीं आयुष्य खाल्लेल्या मनुष्यास त्याचा धक्का निराळाच बसला. हसूं आलें आणि त्या हसण्यानेंच जाग आली.

त्या घरच्या बाडाची यादी आम्हीं चवथ्या दिवशीं पुरी केली. कोष्टकाच्या पानापुढें आधीं लिहिलेला ‘पंचीकरण, अपूर्ण’ हा शेरा खोडून ‘चार देहांचें कोष्टक, स्वप्न कंठस्थानीं, रंगांची ओळ आहे’ असें लिहिलें. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांनीं आपल्या यादींत रंगांची ओळ आहे किंवा नाहीं, कंठाच्या घरांत स्थानाखेरीज एखादें अक्षर किंवा खूण आहे काय, आणि त्या पानाच्या मागेंपुढें निजण्याच्या वेळेचें कांहीं टिपण सांपडतें काय, एवढें नोंदून ठेवावें. ब्यूलरच्या संग्रहांतील शैव पोथ्यांत ‘मुक्त’ व ‘स्वप्न’ यांपैकीं कोणता पाठ कोठें आहे, तें पुढील अंकाच्या आंत पाहण्याचा आमचा विचार आहे.